पलंगाच्या कठड्यावरचा फ्लॉवर

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या रुग्णालयात संशोधकांनी एक गंमतशीर वाटावा असा प्रयोग केला. फ्लॉवरच्या झाडाला होणारा एक विषाणूजन्य रोग आहे. त्या विषाणूच्या डीएनएचा छोटासा तुकडा त्यांनी कृत्रिमरीत्या तयार केला, पाण्यात मिसळला आणि वेगळ्या ठेवलेल्या रुग्णांसाठीच्या खोलीत एका पलंगाच्या कठड्याला लावून ठेवला. माणसाला त्याचा काडीचाही अपाय नाही. फ्लॉवरच का, तर माणसांच्या खोकल्या-शिंकांतून तो वॉर्डात येणार नाही. तो कुठे सापडला, तर या कठड्यावरूनच गेला असं खात्रीने म्हणता येतं.

मग पुढचे पाच दिवस वॉर्डभर कापसाचे बोळे फिरवून नमुने घेतले. दहा तासांतच तपासलेल्या जागांपैकी ४१ टक्के जागांवर तो तुकडा पोहोचला होता. दारांच्या मुठी, खुर्च्यांचे हात, प्रतीक्षाकक्षातली खेळणी आणि गोष्टींची पुस्तकं, सगळीकडे. त्याला पाय नव्हते आणि तो हवेत उडालाही नव्हता. डॉक्टर, परिचारिका, पालक, भेटायला आलेली मंडळी यांच्या हातांनीच त्याला फिरवून आणलं.

हा निकाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हा आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो आणि भाजी बाल्कनीत वाळत घालत होतो. १८ एप्रिल २०२० रोजी तर महाराष्ट्र सरकारने घरोघरी पेपर टाकायलाच मनाई केली होती, पुढे ती सैल केली. अशा वातावरणात ४१ टक्के हा आकडा वाचला की धडकी भरणारच. पण प्रयोगाने दाखवलं ते एवढंच, की एका जागेवरची गोष्ट हातोहाती किती झपाट्याने पसरते. त्या जागांना हात लावणारा आजारी पडेल का, हा प्रश्न त्यात नव्हताच. तो तुकडा कुणाला आजारी पाडू शकत नव्हता, म्हणून तर तो निवडला होता.

करोनाच्या पहिल्या वर्षात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली. जपानच्या योकोहामा बंदरात अडकवून ठेवलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर ७०० हून अधिक जणांना लागण झाली होती. प्रवासी उतरल्यावर १७ दिवसांपर्यंत, जंतुनाशक फिरवण्याआधी, केबिनांमध्ये विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याचं जनुकीय साहित्य, सापडला. ‘करोना १७ दिवस जगतो’ अशा बातम्या झाल्या. पण पीसीआर चाचणी विषाणूच्या जनुकीय साहित्याचे तुकडे शोधते. चूल विझून गार झाली तरी राख सापडतेच, आणि राखेवर भाकरी भाजत नाही. विषाणू अजून लागण करू शकतो का हे पाहायचं तर तो नमुना जिवंत पेशींवर टाकून त्या मरतात का हे बघावं लागतं. हे काम वेळखाऊ आहे आणि करोनासारख्या विषाणूसाठी ते कडक बंदोबस्ताच्या प्रयोगशाळेतच करता येतं. म्हणून बहुतेक ठिकाणी पीसीआरवरच भागवलं गेलं.

असं काम अमेरिकेतल्या एका गटाने केलं आणि मार्च २०२० मध्ये त्याचे आकडे जगभर गाजले: प्लास्टिकवर ७२ तास, स्टीलवर ४८, पुठ्ठ्यावर २४, तांब्यावर ४. यातलं ‘७२ तास’ सगळ्यांच्या लक्षात राहिलं. त्याच निबंधातला दुसरा आकडा मात्र कुणी सांगितला नाही. स्टीलवर दर साडेपाच-पावणेसहा तासांनी लागण करू शकणारे विषाणू निम्मे होत होते. म्हणजे साधारण सव्वा दिवसात तीन टक्के उरले, आणि सव्वादोन-अडीच दिवसांत हजारातला एक. शेवटचा एखादा विषाणू कधी मरतो हे सुरुवातीला किती ओतले यावरही ठरतं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ इमॅन्युएल गोल्डमन यांनी २०२० च्या जुलैमध्ये ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोगविषयक नियतकालिकात नेमक्या याच जागी बोट ठेवलं. प्रयोगशाळांत पृष्ठभागावर जेवढे विषाणू टाकले जातात तेवढे खऱ्या खोकल्यातून पडतच नाहीत, असं त्यांचं म्हणणं होतं. नुकताच कुणी खोकलून गेला आणि तासा-दोन तासांत तुम्ही तिथे हात लावला, तर धोका त्यांनाही मान्य होता. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेनेही सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लावल्याने करोना होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. तोवर कचेऱ्यांनी फवारणीवर बराच पैसा खर्च केला होता. हवेतून होणारी लागण रोखायला उघडायच्या त्या खिडक्या मात्र बंदच होत्या.

खरं तर १९८७ मध्येच या प्रकाराची चुणूक मिळाली होती. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात एलियट डिक यांनी साध्या सर्दीवर प्रयोग केले. आधी काही जणांना मुद्दाम रायनोव्हायरसची सर्दी दिली. नाक वाहू लागल्यावर त्यांना निरोगी माणसांबरोबर बारा तास पोकर हा पत्त्यांचा खेळ खेळायला बसवलं. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांच्या हातांना पट्ट्या किंवा गळ्यात मोठी कॉलर, म्हणजे बोट नाका-डोळ्यांपर्यंत जाऊच नये. बाकीचे मोकळे. सर्दी हातांमुळेच होत असती तर बांधलेले वाचायला हवे होते. झालं असं: मोकळ्या १८ जणांपैकी १२ जणांना लागण झाली, बांधलेल्या १८ पैकी १० जणांना. फरक जवळजवळ नाहीच.

पण डिक तेवढ्यावर थांबले नाहीत. आजाऱ्यांनी बारा तास हाताळलेले, शेंबडाने अक्षरशः चिकट झालेले पत्ते, पैशांच्या चकत्या आणि पेन्सिली त्यांनी दुसऱ्या खोलीत नेल्या. तिथे बारा निरोगी माणसं त्याच पत्त्यांनी खेळली, शिवाय मुद्दाम हात नाका-डोळ्यांना लावत राहिली. आपल्याला वाचतानाच शिसारी येते, पण लागण एकालाही झाली नाही.

तरी हा निकाल डोळे झाकून शेवटचा मानू नये. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या ग्वॉल्टनी आणि हेंडली यांना उलट उत्तर मिळालं होतं. सर्दी झालेल्यांनी धरलेले कॉफीच्या कपांचे कान निरोगी माणसांनी धरले, बोट नाका-डोळ्यांना लावलं, आणि निम्म्यांना लागण झाली. दोन्ही प्रयोग चोख होते. मला यातून दिसतं ते हे, की ओला, ताजा स्राव आणि लगेच नाकात गेलेलं बोट असेल तर वाट उघडी असते, पण रोजच्या व्यवहारात हे सगळं जुळून येणं अवघड असतं. अवघड म्हणजे अशक्य नव्हे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत वैद्यकीय शाखेचे विद्यार्थी तासाला सरासरी २३ वेळा चेहऱ्याला हात लावताना दिसले. डॉक्टर होऊ घातलेल्यांची ही कथा.

इथवर वाचून कुणी फडकं आणि बादली अडगळीत टाकू नये, कारण उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस अजून बाकी आहे. करोना आणि फ्लूच्या विषाणूंवर चरबीयुक्त पातळ आवरण असतं. साबण किंवा अल्कोहोल लागलं की ते विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोला असं आवरणच नाही, नुसतं प्रथिनांचं टणक कवच. रायनोव्हायरसही बिनआवरणाचाच, पण तो पोटातल्या आम्लात टिकत नाही. नोरो टिकतो. म्हणून त्याला नाकापर्यंत पोहोचायची गरज नाही, तोंड पुरतं, आणि हाताने जेवणाऱ्या माणसाचा हात दिवसातून निदान दोनदा तोंडात जातोच. लागणीला किती कण लागतात याचे अंदाज अगदी १८ पासून काही हजारांपर्यंत जातात. आजारी माणसाच्या एका ग्रॅम विष्ठेत ते अब्जावधी असतात.

जानेवारी १९९९ मध्ये ब्रिटनमधल्या एका संगीत सभागृहात कार्यक्रमाला आलेल्या एकाला प्रेक्षागृहात आणि स्वच्छतागृहात उलट्या झाल्या. साफसफाई झाली, पण निर्जंतुकीकरण नीट झालं नाही. दुसऱ्या दिवशी शाळांच्या पंधरा सहली तिथे आल्या. त्यातल्या आठ सहलींमधली मुलं आजारी पडली, आणि उलटी झालेला माणूस ज्या मजल्यावर बसला होता तिथेच जी बसली होती त्यांच्यात हे प्रमाण कितीतरी जास्त होतं. पाच दिवसांत त्या सभागृहात येऊन गेलेल्यांपैकी तीनशेहून अधिक जणांना उलट्या-जुलाबांनी गाठलं. गालिच्यावर आणि खुर्च्यांच्या कापडावर जे राहिलं होतं, त्याचा हा प्रताप.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या एका संघाचा २०१० चा प्रकार याहून चमत्कारिक. मुलींचा हा फुटबॉल संघ स्पर्धेसाठी हॉटेलात उतरला होता. एका मुलीला रात्री बाथरूममध्ये उलट्या झाल्या. तिथे कोपऱ्यात खाऊची पिशवी ठेवलेली होती. मुलीने पिशवीला हातही लावला नव्हता. उलटी होताना उडालेले अदृश्य तुषार पिशवीवर बसले. तिला घरी पाठवलं गेलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाकीच्यांनी त्याच पिशवीतली बिस्किटं, वेफर्स आणि द्राक्षं खाल्ली. सात जण आजारी पडले. दोन आठवड्यांनी तपासलं तेव्हाही पिशवीच्या बाहेरच्या बाजूला नोरोच्या खुणा मिळाल्या. इथे नुसती राख नव्हती, मागे आजारी माणसंही होती, म्हणून हा पुरावा वजनदार.

आणि आपण दारात ठेवतो काय, तर अल्कोहोलच्या सॅनिटायझरची बाटली. नोरोवर ते फार चालत नाही. हात साबणाने चोळून वाहत्या पाण्याखाली धुतले तर विषाणू मरत नाहीत, पण निघून जातात, आणि काम भागतं. फरशीसाठी आणि संडासासाठी क्लोरीनवालं ब्लीच हवं. आधी उलटी कागदाने उचलून, जागा धुऊन घ्यावी, कारण घाण तशीच असेल तर क्लोरीन तिच्यावरच खर्ची पडतं. मग ब्लीचचं पाणी निदान पाच मिनिटं तिथे राहू द्यावं. लावलं की लगेच पुसायची घाई नडते. कापडी गाद्या आणि गालिचे ब्लीचने विटतात, तिथे वाफ वापरतात.

होस्टेलच्या मेसमध्ये किंवा एखाद्या पंगतीत कुणाला उलट्या झाल्या, तर जिन्याचे कठडे आणि लिफ्टची बटणं पुसण्याआधी स्वयंपाकघरात कोण उभं आहे ते पाहावं. आजारी वाढप्याने किंवा आचाऱ्याने उलट्या-जुलाब थांबल्यावरही निदान दोन दिवस अन्नाला हात लावू नये, असं आरोग्ययंत्रणा सांगतात. बरं वाटायला लागल्यावरही विषाणू विष्ठेतून दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, बाहेर पडत राहतो.