अमेरिकेतला निवडणुकीचा पैसा: खरा फाटा १९७६ ला फुटला

अमेरिकेत निवडणूक आली की सुपर पॅकची (उमेदवारापासून वेगळे राहून त्याच्यासाठी अमर्याद पैसा गोळा आणि खर्च करणाऱ्या गटांची) चर्चा सुरू होते आणि सगळं खापर सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालावर फोडलं जातं, ज्याने कंपन्या आणि युनियनना निवडणुकीत स्वतंत्र खर्च करायची मोकळीक दिली. तो निकाल मोठा होता यात वादच नाही. पण तो ज्या पायावर उभा आहे तो पाया कोर्टानेच ३४ वर्षं आधी, जानेवारी १९७६ मध्ये घालून ठेवला होता आणि ती बाजू फारशी कोणी सांगत नाही, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. कंपन्यांनी फेडरल, म्हणजे केंद्रीय पदांच्या, उमेदवारांना थेट पैसे देण्यावर १९०७ पासून बंदी आहे, कामगार युनियनवर १९४७ पासून कायमची. कायदे होते पण अंमलबजावणी करणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ते कागदावरच राहिले. मग १९७२ ची निवडणूक आली आणि वॉटरगेट झालं, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीचं प्रकरण. त्यातल्या एका घरफोड्याच्या बँक खात्यात २५,००० डॉलरचा चेक जमा झालेला सापडला, जो मुळात राष्ट्राध्यक्षांच्या प्रचारासाठी दिलेला होता. पुढच्या चौकशीत बऱ्याच मोठ्या कंपन्यांनी बेकायदा पैसे दिल्याचं कबूल केलं. लोक भयंकर चिडले आणि १९७४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, कायदा एकदम कडक केला.

आता हा १९७४ चा कायदा नीट बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. त्यात देणगीला मर्यादा होती, एका माणसाने एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी १,००० डॉलर. उमेदवाराने एकूण किती खर्च करायचा यालाही मर्यादा, स्वतःच्या खिशातून किती घालायचे यालाही मर्यादा, आणि बाहेरच्या माणसाने एखाद्या उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात स्वतःहून खर्च केला तर त्यालाही वर्षाला १,००० डॉलरची मर्यादा. शिवाय देणगीदारांची नावं जाहीर करायची, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांना सरकारी निधी, आणि हे सगळं सांभाळायला नवीन निवडणूक आयोग. म्हणजे पैसा आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या दोन्ही वाटा धरल्या होत्या.

याला कोर्टात आव्हान दिलं ते फक्त उजव्या लोकांनी नव्हे. न्यूयॉर्कचा एक कन्झर्व्हेटिव्ह सिनेटर होता तसाच १९६८ ला व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात उभा राहिलेला एक डावीकडचा माजी सिनेटरही होता, ज्याची मोहीम मोजक्या श्रीमंतांच्या मोठ्या देणग्यांवर चालली होती. त्यांचं म्हणणं असं की असा कायदा असेल तर सत्तेत बसलेल्यांना आव्हान देणारा माणूस कधी उभाच राहू शकणार नाही. हा मुद्दा मला आजही फेकून देण्यासारखा वाटत नाही.

कोर्टाने १९७६ च्या बकली निकालात (हे त्या कन्झर्व्हेटिव्ह सिनेटरचं नाव) कायदा मधोमध चिरला. देणगीवरची मर्यादा ठेवली, कारण मोठी देणगी घेतली की त्याबदल्यात काहीतरी देणं लागतं, भ्रष्टाचार होतो. पण खर्चावरच्या सगळ्या सक्तीच्या मर्यादा रद्द केल्या, कारण आजच्या जगात पैसे खर्च केल्याशिवाय आपलं म्हणणं लोकांपर्यंत पोचत नाही, म्हणजे खर्चाला मर्यादा घालणं हे बोलण्याला मर्यादा घालणं. कोर्टाने उदाहरण दिलं ते पटण्यासारखं होतं: एखाद्या नागरिकाने मोठ्या शहरातल्या पेपरमध्ये पाव पानाची जाहिरात देऊन अमक्याला मत द्या म्हटलं तरी १,००० डॉलरच्या वर जाईल आणि तो फेडरल गुन्हा ठरेल.

एकेक तर्क सुटा वाचला तर बरोबर वाटतो. पण दोन्ही मिळून जी व्यवस्था तयार झाली ती कुठल्याच काँग्रेसने कधी पास केली नव्हती. खर्चासाठी पैशाची मागणी अमर्याद आणि देणग्यांचा पुरवठा मर्यादित अशी ती स्थिती. नदीच्या एकाच काठाला बांध घातला तर पाणी दुसऱ्या काठावरच्या शेतात शिरणारच, आणि पुढची पन्नास वर्षं नेमकं तेच होत आलंय. बकली निकाल देणाऱ्यांतल्या एका न्यायमूर्तींनी, जे स्वतः १९६० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात काम केलेले होते, तेव्हाच वेगळं मत लिहिलं की खर्चाच्या मर्यादाही टिकायला हव्या होत्या. त्यांचं कोणी ऐकलं नाही. (आपल्याकडे उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, लोकसभेला मोठ्या राज्यांत ९५ लाख, पण पक्षाच्या खर्चाला नाही, म्हणजे भोक वेगळ्या जागी आहे एवढंच.)

ते १,००० डॉलर २००२ पर्यंत तसेच राहिले, महागाईप्रमाणे एक पैसाही वाढवला नाही. त्यामुळे खासदारांचा दिवसातला मोठा वेळ फोनवर देणग्या मागण्यात जायला लागला. पैसा मग पक्षांकडे सॉफ्ट मनी, म्हणजे देणगीची मर्यादा लागू नसलेला पैसा, म्हणून वळला, पक्षबांधणीच्या नावाखाली. आणि बकलीच्याच एका तळटीपेत कोर्टाने काही शब्द दिले होते, ‘मत द्या’, ‘निवडून द्या’, ‘पराभव करा’ असले, हे शब्द असतील तरच ती निवडणुकीची जाहिरात. झालं, सगळ्या जाहिराती त्या शब्दांशिवाय बनायला लागल्या. सिनेटरचा काळवंडलेला फोटो, गंभीर आवाज आणि शेवटी ‘त्यांना फोन करून विचारा’, की ती निवडणुकीची जाहिरात नाहीच.

२००२ च्या कायद्याने सॉफ्ट मनी बंद केला आणि मतदानाच्या ६० दिवस आधी, प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) असेल तर ३० दिवस आधी, उमेदवाराचं नाव घेणाऱ्या टीव्ही-रेडिओ जाहिराती कंपनी किंवा युनियनच्या पैशातून करायला बंदी घातली. २००८ ला सिटिझन्स युनायटेड नावाच्या एका ना-नफा संस्थेला एका महिला उमेदवाराविरुद्धची फिल्म केबलवर ऑन-डिमांड दाखवायची होती, त्यावरून केस झाली. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं, मग असं पुस्तक असेल तर तेही बॅन करणार का, आणि सरकारी वकिलांना नाही म्हणता आलं नाही. केस तिथेच फिरली. २१ जानेवारी २०१० ला ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल आला की कंपन्या आणि युनियनना स्वतंत्र खर्च करता येईल, कारण स्वतंत्र खर्चाने भ्रष्टाचार होत नाही. हे शेवटचं वाक्य थेट १९७६ च्या विचारातून आलंय, की भ्रष्टाचार देणगीने होतो, खर्चाने नाही.

आठवड्याभरात राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेससमोरच्या भाषणात त्यावर टीका केली, की आता परदेशी कंपन्याही पैसा ओततील. परदेशी नागरिकांवरची बंदी मात्र टिकली, २०१२ ला सुप्रीम कोर्टानेही ती कायम ठेवली. तिकडच्या मराठी मंडळींसाठी याचा अर्थ सरळ आहे: ग्रीन कार्ड असेल तर देणगी देता येते, एच-वन-बी वर असाल तर एक डॉलरही नाही, बिनपगारी व्हॉलंटियर म्हणून काम मात्र करता येतं.

सुपर पॅक खरं तर त्या निकालातून थेट आलेच नाहीत. ते आले मार्च २०१० मधल्या वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाच्या निकालातून: स्वतंत्र खर्चाने भ्रष्टाचार होत नसेल तर फक्त स्वतंत्र खर्च करणाऱ्या गटाला दिलेल्या देणगीने तरी कसा होईल? म्हणून त्या देणगीलाही मर्यादा नाही. १९७६ ला जो एक बांध शिल्लक ठेवला होता त्याच्या शेजारूनच रस्ता निघाला.

आता सगळा डोलारा ‘स्वतंत्र’, म्हणजे उमेदवाराशी संगनमत न करता, या एका अटीवर उभा आहे, आणि ती अट किती पातळ आहे ते बघा. उमेदवाराच्या टीममधला माणूस १२० दिवस थांबला की सुपर पॅकमध्ये जाऊ शकतो. उमेदवार सुपर पॅकच्या फंडरेझरला (निधी गोळा करायच्या कार्यक्रमाला) जाऊन भाषण करू शकतो, फक्त स्वतःच्या तोंडाने ५,००० डॉलरपेक्षा जास्त मागायचे नाहीत. २०१४ ला केंटकीच्या एका ज्येष्ठ सिनेटरच्या प्रचार टीमने दोन मिनिटांच्या वर एक व्हिडिओ ऑनलाइन टाकला ज्यात एक शब्द नाही, नुसतं संगीत आणि ते हसतायत, लोकांशी हात मिळवतायत, टेबलाशी बसलेत. बाहेरच्या गटांना जाहिरातीत वापरायला फुकट फुटेज, आणि ते जगासमोर ठेवल्यामुळे संगनमत नाही! पुढे उमेदवारांच्या वेबसाइटवर लाल चौकट यायला लागली. त्यात ‘मतदारांनी हे बघायला हवं’ असं लिहिलं की टीव्हीवर दाखवा, ‘येताजाता बघायला हवं’ म्हटलं की मोबाइलवर, आणि पुढे कुठल्या भागात, कुठल्या वयोगटाला तेही. ज्यांना कळायचं त्यांना कळतं, आयोग काही करत नाही. हे बघून मला अजूनही राग येतो, कारण शाळेतल्या शिक्षिकेने एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी ठरावीक रकमेपेक्षा (२०२४ ला ती ३,३०० डॉलर होती) एक डॉलर जास्त दिला तर नियम मोडतो आणि शेजारी कोट्यवधींचा चेक कायदेशीर असतो.

देणगीदारांची नावं जाहीर करण्याचा नियम मात्र २०१० च्या त्याच सिटिझन्स युनायटेड निकालात ८ विरुद्ध १ ने टिकला, हे टीका करणारे बरेचदा विसरतात. अडचण अशी की सुपर पॅकला पैसे देणारी एखादी ना-नफा संस्था असेल तर यादीत तिचं नाव दिसतं, तिच्यामागचा माणूस दिसत नाही. सरकारी निधीची पद्धतही २००८ ला एका प्रमुख उमेदवाराने नाकारल्यावर संपल्यातच जमा झाली, कारण तो घेतला की खर्चाची मर्यादा पाळावी लागते.

मार्च २०२४ मध्ये आयोगाने आणखी एक दार उघडलं. दारोदार प्रचाराच्या बाबतीत उमेदवार आणि बाहेरचा गट एकमेकांशी बोलून काम करू शकतात असं मत दिलं. त्याच वर्षी जगातल्या सर्वात श्रीमंत उद्योगपतीने एका उमेदवारासाठी २५ कोटी डॉलरपेक्षा जास्त घातले, आणि त्यातला मोठा भाग नेमका दारोदार फिरणाऱ्या लोकांवर गेला. आयोगाचं म्हणाल तर सहा सदस्य, एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नाहीत आणि निर्णयाला चार मतं लागतात. मे २०२५ मध्ये तीनच सदस्य उरले, म्हणजे कोरमच (निर्णयाला लागणारी किमान सदस्यसंख्या) गेला आणि तक्रारींवर कारवाई करणं, नियम बदलणं दोन्ही थांबलं.