नवे पॅड टाकले आणि ब्रेक गळू लागला

मे महिन्यातली गोष्ट. सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका गॅरेजात एक शिक्षक मोटारसायकल घेऊन आले. डिस्क ब्रेकला नवे पॅड टाकून जेमतेम आठवडा झाला होता आणि कॅलिपरखालून, म्हणजे चकतीवर पॅड दाबणाऱ्या भागाखालून, ब्रेक ऑइल गळत होतं. ‘पॅड चांगले आहेत, सर. हे बघा,’ म्हणत मेस्त्रींनी पिस्टन, म्हणजे पॅडला ढकलणारा दट्ट्या, काढून त्यांच्या हातावर ठेवला. बाहेरच्या तोंडाजवळ गव्हाच्या दाण्याएवढ्या रुंदीचा तांबूस पट्टा होता. सरांनी त्यावरून नख फिरवलं. नख अडकलं.

कॅलिपरमध्ये पिस्टन जिथे बसतो, त्या भोकाच्या भिंतीत एक खाच असते आणि खाचेत चौकोनी कापाचं रबरी सील. सील जागचं हलत नाही, पिस्टन त्यातून सरकतो. ब्रेक दाबला की ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे जातो आणि त्याला घट्ट धरून असलेलं रबरही त्याच्याबरोबर किंचित वाकतं. दाब सुटला की रबर पुन्हा सरळ होतं आणि पिस्टनला केसभर मागे ओढतं. साधारणपणे तिथे वेगळी स्प्रिंग नसते. ऑइल अडवणं आणि चाक मोकळं करणं, ही दोन्ही कामं एकटं रबर करतं. मला यातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं.

पॅड झिजत जातो तसा पिस्टन सीलमधून थोडा थोडा बाहेर येतो आणि तिथेच राहतो. बाहेर आलेल्या भागावर धूळ अडवणारं रबरी आवरण असतं. ते फाटलं की आपल्याकडची काळी माती आणि गाडी धुतानाचं पाणी आत जाऊन साचतं. पोलादी पिस्टनवर क्रोमचा केसाहूनही पातळ थर असतो. त्याच्या बारीक भेगांतून ओल खाली उतरते, लोखंड गंजतं, गंज फुगून जास्त जागा घेतो आणि क्रोमचे पोपडे निघतात. नवे, जाड पॅड बसवायचे तर पिस्टन पूर्ण आत दाबावा लागतो. इतके दिवस बाहेर असलेला खड्ड्याखड्ड्यांचा भाग त्या वेळी थेट सीलखाली येतो. म्हणून गळती दिसते नव्या पॅडनंतर, पण तिचं बीज पेरलेलं असतं आधीच.

तेव्हा जुना पिस्टन पुन्हा वापरायचा की नाही, हे चकाकीवरून ठरवू नका. आधी तो पुसा, मग बॅटरीचा उजेड तिरका पाडून फिरवत बघा. नुसता डाग असेल आणि नख कुठेच अडत नसेल, तर चालेल. नख अडलं, क्रोम उडालेलं दिसलं, तर पिस्टन बदलायचाच. ओरखड्याची दिशाही बघा. पिस्टनच्या लांबीने गेलेला ओरखडा सर्वात वाईट, कारण सीलखालून ऑइलला तो पाटासारखी वाट करून देतो. अॅल्युमिनियमच्या पिस्टनवरचा कडक थर घासून गेला असेल, तर तोही बाद.

साफ करताना पॉलिश पेपर नको. गंजाबरोबर क्रोमही जातं. नायलॉनचा ब्रश आणि ब्रेक क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरतं. रॉकेल, डिझेल, ग्रीस कटाक्षाने लांब ठेवा. डॉट ३ किंवा डॉट ४ या प्रकारच्या ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं रबर खनिज तेलाने फुगतं आणि पिस्टन आवळून धरतं. पुसायला यंत्रमागाचं वेस्ट सूत इथे प्रत्येक गॅरेजात असतं. हात पुसायला ते उत्तम, पण पिस्टनला त्याचे तंतू चिकटतात. धुऊन विरलेल्या सुती सदऱ्याचा तुकडा बरा.

पिस्टन काढताना पक्कड लावू नका, चांगल्या पिस्टनवरही तिचे दात उमटतात. कॅलिपर गाडीवर असतानाच लिव्हर दाबून तो बाहेर आणणं सोपं. हवेचा पाइप लावायचाच झाला, तर समोर लाकडी ठोकळा ठेवा आणि बोटं दूर, कारण पिस्टन गोळीसारखा सुटतो.

बसवताना सील नवंच घ्या. पिस्टनला ताजं ब्रेक ऑइल लावा आणि तो सरळ धरून अंगठ्यांनी दाबा, आत जायला हवा. हातोडी घ्यावीशी वाटली, तर पिस्टन काढून पुन्हा बघा: सील खाचेत मुरगळलं असेल, किंवा खाचेत जुनी घाण राहिली असेल. शेवटी ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढून, लिव्हर टणक लागेपर्यंत दाबत राहा. त्याआधी गाडी हलवू नका.