पार्श्वभूमी : नंबर प्लेटच्या नियमात 'जुनी गाडी' म्हणजे नेमकी कोणती?

जुन्या गाड्यांना 'हाय सिक्युरिटी' नंबर प्लेट बसवण्याची राज्यातली मुदत २०२५ या एकाच वर्षात पाच वेळा पुढे गेली. आधी ३१ मार्च होती, मग ३० एप्रिल झाली, मग ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर आणि शेवटी ३१ डिसेंबर. दर वेळी चर्चा एकच, लोक आळशी आहेत की यंत्रणा तोकडी आहे. मराठवाड्यातल्या तालुक्यांपुरते बोलायचे तर घोळ या दोन्हींच्या आधी सुरू होतो. 'जुनी गाडी' या दोन शब्दांचा अर्थ केंद्राच्या नियमात एक आणि राज्याच्या आदेशात दुसरा आहे.

१९८९च्या जुलैत नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि तीन अक्षरे, चार आकडे अशा जुन्या नंबरांच्या जागी राज्याची दोन अक्षरे आणि कार्यालयाचा क्रमांक आला. तेव्हापासून एमएच २० म्हटले की संभाजीनगर, २१ जालना, २२ परभणी, २३ बीड, २४ लातूर, २५ धाराशिव, २६ नांदेड. पुढे हिंगोलीला ३८ आणि अंबाजोगाईला ४४ मिळाला. अक्षरे इंग्रजी आणि आकडे 1, 2, 3 याच वळणाचे हवेत, हेही त्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांत लिहिलेले आहे. चारचाकीवर अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांतले अंतर १०. ४१४१ चा 'दादा' किंवा २१४ चा 'राम' करणारी प्लेट म्हणूनच कधीच नियमात बसत नव्हती. पण प्लेट रेडियमच्या दुकानात बनत होती आणि दुकानदार गिऱ्हाईक सांगेल तसे कापून देत होता. एकच नंबर दोन गाड्यांवर लावणेही तितकेच सोपे होते. चोरीच्या गाडीला दुसऱ्याचा नंबर लावून ती खुशाल फिरवता येत असे.

त्यावर उपाय म्हणून २००१मध्ये या केंद्रीय नियमांतला नियम ५० बदलला आणि हाय सिक्युरिटी प्लेट कागदावर आली. अडकली ती ठेक्यांत. एका राज्यात एकाच पुरवठादाराला काम, त्यासाठी परदेशातल्या कामाचा अनुभव आणि मोठी उलाढाल, अशा अटींवरून वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००४मध्ये न्यायालयाने अटी वैध ठरवल्या, तरी राज्ये हलली नाहीत. २०११-१२मध्ये अंमलबजावणीसाठी न्यायालयाला पुन्हा तंबी द्यावी लागली. काही राज्यांनी त्यानंतर काम सुरू केले. महाराष्ट्राने जुन्या गाड्यांचा विषय तसाच ठेवला. आज जी गर्दी दिसते तिचे मूळ या गेलेल्या वर्षांत आहे. तेव्हा टप्प्याटप्प्याने झाले असते तर वीस वर्षांच्या गाड्या एका वर्षात रांगेत उभ्या राहिल्या नसत्या.

खरा गुंता डिसेंबर २०१८च्या अधिसूचनेत आहे. तिने प्लेट देण्याची जबाबदारी वाहन कंपन्यांवर टाकली, पण कोणत्या गाड्यांसाठी? तर '१ एप्रिल २०१९ रोजी किंवा त्यानंतर तयार झालेल्या'. म्हणजे तारीख निर्मितीची. राज्याने डिसेंबर २०२४मध्ये जुन्या गाड्यांसाठी आदेश काढला, तेव्हा शब्द आला '१ एप्रिल २०१९पूर्वी नोंदणी झालेल्या'. म्हणजे तारीख नोंदणीची. तारीख तीच, पण मोजमाप वेगळे.

फरक कागदावर किरकोळ वाटतो, गावात तो दिसतो. २०१९चा गुढीपाडवा ६ एप्रिलला होता. आपल्याकडे दुचाकी असो की ट्रॅक्टर, गाडी काढायची ती पाडव्याला किंवा दसऱ्याला. पाडव्याच्या विक्रीसाठी डीलरकडचा माल जानेवारी ते मार्चमध्येच कारखान्यातून निघालेला असतो. अशी गाडी ६ एप्रिलला दारात आली आणि त्यानंतर तिचे पासिंग झाले. निर्मिती मार्चची, म्हणून कंपनीवर प्लेट देण्याचे बंधन नाही. नोंदणी एप्रिलची, म्हणून राज्याच्या 'जुन्या गाड्यां'त ती मोडत नाही. मालकाची चूक काय, तर त्याने मुहूर्तावर गाडी घेतली.

यातून मार्ग काढायचा तर आरसीवरच्या, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावरच्या, दोन नोंदी शेजारी ठेवून पाहाव्यात. एक नोंदणीची तारीख, दुसरी निर्मितीचा महिना आणि वर्ष. निर्मिती ०३/२०१९ किंवा आधीची आणि नोंदणी १ एप्रिल २०१९नंतरची असेल, तर आधी डीलरला विचारावे आणि मग आरटीओत लेखी अर्ज द्यावा. तोंडी उत्तरावर विसंबू नये, कारण खिडकीगणिक उत्तर बदलते. आदेशातच 'या तारखेपूर्वी निर्मिती झालेल्या, नोंदणी केव्हाही असो' असे लिहिले असते तर हा प्रश्न उरला नसता. एवढी दुरुस्ती व्हायलाच हवी होती.

दुसरा घोटाळा 'आयएनडी' या शब्दाचा. निळ्या रंगात आयएनडी छापलेली प्लेट चौकातल्या दुकानातही मिळते आणि अनेकांना तीच हाय सिक्युरिटी वाटते. खरी प्लेट १ मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमची असते. वरच्या डाव्या कोपऱ्यात २० बाय २० मिलिमीटरचा अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम असतो. तो उष्णतेने ठसवलेला असतो, त्यामुळे कडेला नख घातले तरी स्टिकरसारखा उचलला जात नाही. डावीकडे खाली लेझरने कोरलेला क्रमांक असतो. अक्षरे उठावाची असतात आणि त्यांच्यावरच्या फिल्मवर 'इंडिया' हा शब्द ४५ अंशांत तिरपा उमटलेला दिसतो. लेझर क्रमांक नसेल तर बाकी सगळे हुबेहूब असले तरी ती साधी प्लेटच, कारण गाडीच्या सरकारी नोंदीशी प्लेट जोडली जाते ती याच क्रमांकाने.

चारचाकीला तिसरी 'प्लेट' म्हणून काचेच्या आतून १०० बाय ६० मिलिमीटरचा स्टिकर लावतात. डिझेलला केशरी, पेट्रोल आणि सीएनजीला फिकट निळा. बीएस-६ या प्रदूषण मानकाची गाडी असेल तर वर १ सेंटिमीटरची हिरवी पट्टी. काढायला गेले की स्टिकर फाटतो, म्हणून पुढची काच बदलली की नवा मागवावा लागतो. गॅरेजमध्ये ही गोष्ट हमखास विसरली जाते.

दरावरून बराच गदारोळ झाला. दुचाकी आणि ट्रॅक्टरला ४५० रुपये, तीनचाकीला ५००, चारचाकी व इतर वाहनांना ७४५. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे प्रत्यक्षात ५३१, ५९० आणि ८७९ रुपये १० पैसे. इतर राज्यांत स्वस्त मिळते ही तक्रार होती, बसवण्यासह दर सारखाच पडतो हे उत्तर होते. पण खेड्यातल्या माणसाचा खर्च पावतीवर संपत नाही. प्लेट बसवण्याचे केंद्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी, तारीख मिळेल त्या दिवशी रोजगार बुडवून जायचे आणि ट्रॅक्टर असेल तर तो तिथवर चालवत न्यायचा. दराच्या चर्चेत हा खर्च कुणी धरलाच नाही.

नोंदणी परिवहन खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करावी. बनावट पाने बरीच निघाली आहेत. गाडी पुण्यात पासिंग झालेली, एमएच १२ची असली तरी ती जिथे वापरात आहे तिथले कार्यालय निवडता येते. गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे आणि मोबाइल नंबर भरायचा, मग केंद्र, तारीख, वेळ आणि ऑनलाइन पैसे. अडते ते बहुतेक हे नंबर भरतानाच. जुनी रजिस्टरे संगणकात चढवताना एखादा आकडा चुकलेला असतो आणि 'माहिती जुळत नाही' एवढेच पडद्यावर येते. पुन्हा पुन्हा भरून उपयोग नसतो. मूळ आरसी आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट, म्हणजे कागदावर पेन्सिल घासून उमटवलेला ठसा, घेऊन, नोंदणी ज्या आरटीओची आहे तिथे नोंद दुरुस्त करून घ्यावी, मगच बुकिंग करावे.

मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे. पुण्या-मुंबईकडून आलेल्या जुन्या गाड्या इथे सह्या केलेल्या टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर, दोन-तीन हात फिरतात आणि नावावर कुणीच करून घेत नाही. आता प्लेट नसेल तर मालकी बदल, पत्ता बदल, बँकेचा बोजा चढवणे-उतरवणे ही कामे अडवली जातात. प्लेट गाडीच्या नंबरवर मिळते, त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी प्लेट, मग नाव. उलट क्रमाने गेलेला अर्ज परत येतो.

बसवताना स्वतः उभे राहून पाहावे. प्लेट गाडीला जखडणारा स्नॅप लॉक एकदाच बसतो, काढायचा तर तोडावाच लागतो. जुन्या मोटारसायकलींच्या मडगार्डची भोके नव्या २०० बाय १०० मिलिमीटरच्या प्लेटशी जुळतीलच असे नाही. मग कुणी प्लेट वाकवून बसवतो, आणि पाणंदीच्या रस्त्यावर तीच प्लेट भोकाशी चिरते. मडगार्डला नवे भोक पाडून घ्यावे, प्लेटला नाही. मागे आधाराची पट्टी घालावी. प्लॅस्टिकची फ्रेम घ्यायलाच हवी असे नाही, तिचे वेगळे पैसे मागितले तर नको म्हणता येते. प्लेट तुटली तर तुकडे जपून ठेवून त्याच पद्धतीने नवी मागवायची; चोरीला गेली तर आधी पोलिसांत तक्रार, कारण त्या लेझर क्रमांकाची प्लेट दुसऱ्या गाडीवर सापडली तर नाव मूळ मालकाचेच निघते.