लांबट कक्षेतल्या जुन्या लष्करी उपग्रहाचा माग: पार्श्वभूमी

साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या पठारांवरून काही हौशी निरीक्षक सध्या एका निकामी सोव्हिएत पूर्वसूचना उपग्रहाचा, म्हणजे शत्रूचे क्षेपणास्त्र उडताच इशारा देणाऱ्या उपग्रहाचा, माग काढत आहेत. पाऊस उघडला की काम सुरू होते आणि मे संपेपर्यंत चालते. उपग्रह नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दुर्बीण आणि कॅमेरा लागतो. तो अमुक रात्री कुठे असेल याचा अंदाज मात्र आधीच हाती असतो, कारण त्याची कक्षा जाहीर आहे. ती जाहीर केली कोणी आणि का, हे कळल्याशिवाय या छंदाचा इतिहास उलगडत नाही.

त्याच्यासारख्या लांबट कक्षेत पहिला यशस्वी उपग्रह २३ एप्रिल १९६५ रोजी गेला. तो दळणवळणाचा होता. विषुववृत्तावरचे भूस्थिर (पृथ्वीवरून एकाच जागी दिसणारे) उपग्रह सोव्हिएत संघाच्या उत्तर टोकाकडून क्षितिजालगत दिसतात, म्हणून बारा तासांची ही लांबट कक्षा निवडली गेली. उपभू बिंदू, म्हणजे पृथ्वीच्या सर्वांत जवळचा, दक्षिण गोलार्धात काहीशे किलोमीटरवर, अपभू बिंदू, म्हणजे सर्वांत दूरचा, उत्तरेकडे ४० हजार किलोमीटरच्या आसपास. उपभूपाशी वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर, तर अपभूपाशी जेमतेम दीड. त्यामुळे फेरीचा बहुतेक वेळ उपग्रह उत्तरेवरच रेंगाळतो. कक्षेचा कल, म्हणजे विषुववृत्ताशी होणारा कोन, ६३.४ अंशांच्या जवळ ठेवला की पृथ्वीच्या फुगीर मध्यामुळे एरवी सरकणारा अपभू बिंदू जागचा हलत नाही.

१९७२ पासून याच प्रकारच्या कक्षेत पूर्वसूचना उपग्रह जाऊ लागले. अमेरिकेतले क्षेपणास्त्रांचे तळ त्यांना मुद्दाम तिरप्या कोनातून दिसत, म्हणजे उडालेल्या क्षेपणास्त्राची ज्वाळा पृथ्वीच्या उजळ पृष्ठभागावर न दिसता काळ्या आकाशावर उमटेल. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री हाच कोन अंगाशी आला. विषुवदिन नुकताच होऊन गेला होता. उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश उपग्रहाने क्षेपणास्त्रे म्हणून नोंदवला. ड्युटीवरच्या अधिकाऱ्याने तो इशारा खोटा मानला, आणि तो खोटाच होता. सुरुवातीच्या या उपग्रहांत स्वतःला नष्ट करण्यासाठी स्फोटके होती. त्यातले काही कक्षेतच फुटले आणि त्यांचे तुकडे लांबट कक्षांमध्ये विखुरले.

हे सगळे उपग्रह कॉसमॉस या सरसकट नावाखाली सोडले जात आणि जाहीर कारण वैज्ञानिक संशोधनाचे असे. तरीही त्यांच्या कक्षा जगाला कळत राहिल्या, कारण अमेरिकेची रडारे आणि दुर्बिणी त्या मोजत होत्या आणि आकडे खुले करत होत्या. प्रत्येकी ६९ अक्षरांच्या दोन ओळींत एका उपग्रहाची कक्षा मावते. साताऱ्यातला विद्यार्थी आज फोनवर जी भाकिते पाहतो, ती याच ओळींवरून निघतात.

वाद आहे तो दुसऱ्या बाजूचा. या कक्षांची यादी ठेवणाऱ्या अमेरिकेने आपल्या स्वतःच्या गुप्त उपग्रहांच्या कक्षा मात्र यादीतून वगळल्या. क्रमांक असतो, प्रक्षेपणाची तारीख असते, पण कक्षेच्या जागी काहीच नसते. १९७४ साली संयुक्त राष्ट्रांनी संमत केलेला नोंदणी करार इथे कामी येत नाही. त्यानुसार आवर्तकाल (एका फेरीचा वेळ), कल, अपभू आणि उपभू कळवावे लागतात. एवढ्यावरून कक्षेचा आकार समजतो, पण उपग्रह या क्षणी त्या कक्षेत कुठे आहे आणि कक्षेचे प्रतल (ती ज्या सपाटीत आहे ती) आकाशात कोणत्या दिशेला आहे, हे समजत नाही. त्यामुळे कराराचे अक्षर पाळूनही उपग्रह लपवता येतो.

गुप्ततेच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो: उपग्रह डोक्यावरून कधी जाणार हे कळले, तर प्रतिस्पर्धी तेवढ्या वेळापुरती आपली हालचाल थांबवेल. खालच्या कक्षेतल्या, छायाचित्रे घेणाऱ्या उपग्रहांबाबत त्यात तथ्य आहे. तासन्‌तास एकाच प्रदेशावर रेंगाळणाऱ्या लांबट कक्षेला मात्र तो फारसा लागू पडत नाही. शिवाय मोठ्या देशांकडे स्वतःची रडारे आहेतच. १९६६ साली इंग्लंडमधल्या एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी कक्षांच्या अभ्यासावरून सोव्हिएत संघाचा जाहीर न झालेला उत्तरेकडचा प्रक्षेपण तळ ओळखला होता. शाळेला जे जमले ते सरकारांना जमत नसेल, असे मानणे कठीण आहे. २००७ साली फ्रान्सने आपल्या रडारला अमेरिकी यादीत नसलेल्या २० ते ३० वस्तू दिसल्याचे सांगितले आणि आमच्या लष्करी उपग्रहांच्या कक्षा छापणे थांबवा, नाहीतर तुमच्याही जाहीर होतील, असे सुचवले. म्हणजे लपवालपवीमुळे अंधारात राहतो तो सामान्य माणूसच.

ही उणीव हौशी निरीक्षकांनी वर्षानुवर्षे भरून काढली आहे. जानेवारी २०१८ मध्ये कॅनडातला एक निरीक्षक गुप्त अमेरिकी उपग्रहाचे रेडिओ संकेत शोधत असताना त्याला भलताच आवाज सापडला. तो २००५ पासून मुका झालेल्या एका वैज्ञानिक उपग्रहाचा होता, आणि तोही लांबट कक्षेतलाच. त्याच्या मालकांनाही तो जिवंत असल्याचे ठाऊक नव्हते.

साताऱ्याहून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८ अंश वर असतो आणि उत्तरेला पुण्याचा उजेड खालचे आकाश खातो. सुदैवाने अपभूजवळचा उपग्रह बऱ्याचदा त्या उजेडाच्या बराच वर असतो. तेव्हा तो ताऱ्यांमधून इतका सावकाश सरकतो की चंद्राच्या बिंबाएवढे अंतर कापायला पाचेक मिनिटे लागतात. म्हणून लांब एक्स्पोजरमध्ये तो छोटी रेघ होऊन उमटतो, आणि शेजारच्या ताऱ्यांवरून त्याचे स्थान काढता येते. वेळ मात्र सेकंदाच्या आत नोंदवलेली हवी.

निकामी उपग्रहाची कक्षा आता कोणी दुरुस्त करत नाही. चंद्र आणि सूर्याच्या ओढीने उपभूची उंची वर्षानुवर्षे वरखाली होत राहते. ती फार खाली आली की हवेचा रोध वाढतो, भाकीत आणि प्रत्यक्ष वेळ यांच्यातला फरक पडत जातो, आणि जुने आकडे लवकर शिळे होतात. अशा वेळी १७ अंश अक्षांशावरून घेतलेली नोंदही कक्षा नव्याने काढायला उपयोगी पडते.