बीजिंगमधली खरेदी: जुन्या वस्तू, हस्तकला आणि कपडे

बीजिंगमध्ये जुन्या वस्तू, हस्तकला आणि कपडे यांचे एरिया वेगवेगळे आहेत. जुन्या वस्तूंसाठी सगळ्यात गाजलेला बाजार पानज्यायुआन, शहराच्या आग्नेय भागात, मेट्रोच्या 10 नंबर लाइनवर त्याच नावाचं स्टेशन आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला लोक इथे रस्त्याकडेला पथारी टाकून घरातलं जुनं सामान विकायचे, तेही पहाटे अंधारात, गिऱ्हाईक टॉर्च मारून माल बघायचं, त्यामुळे भुतांचा बाजार असं नाव पडलं. आता पक्की दुकानं आणि शेड झाल्यात, तरी पथारीवाले बघायचे तर शनिवार-रविवारी सकाळी लवकरच जायला पाहिजे. जेड, चिनी मातीची भांडी, माओचे बिल्ले, जुनी पुस्तकं असं काय काय असतं, पण थांबून बघावं ते अक्रोडांपाशी. तळहातात फिरवायचे हे अक्रोड जोडीनेच विकतात, आकार, उंची, रेषा जितक्या जुळतील तितका भाव चढतो, आणि वर्षानुवर्षं हाताळून ते तांबूस, चकचकीत होतात.

मिंग किंवा छिंग या जुन्या राजघराण्यांच्या काळातलं म्हणून जे दाखवतात त्यातलं बहुतेक नवीनच असतं हे धरूनच चालायचं. वस्तू डोळ्यांना आवडली, हातात घेऊन काम चांगलं वाटलं तर घ्यावी, वयाचे पैसे देऊ नयेत. घासाघीस तर करायचीच.

याउलट आज हाताने होणारं अस्सल काम बघायचं तर लिउलीछांग. कागद, कुंचले, शाई, शिक्के यांची ही जुनी गल्ली. इथल्या रोंगबाओझाय दुकानाची सुरुवात 1672 ची, आत्ताचं नाव 1894 पासूनचं. लाकडी ठशांनी चित्र छापायची त्यांची कला अफाट आहे, प्रत्येक रंगाला वेगळा ठसा कोरतात, आणि हान शीझाय या जुन्या काळच्या दरबारी अधिकाऱ्याच्या मेजवानीच्या प्रसिद्ध चित्रासाठी 1667 ठसे लागले होते!

कपड्यांसाठी छ्यानमन या जुन्या वेशीजवळची दाशलार गल्ली. रुइफुश्यांग हे 1893 चं दुकान, रेशीम निवडायचं आणि मापाने छीपाओ, म्हणजे उभ्या कॉलरचा अंगासरशी चिनी झगा, शिवून घ्यायचा, थोडे दिवस हातात ठेवून जावं. 1853 चं नेइलियानशंग कापडी बुटांसाठी, सुती कापडाचे थर एकावर एक रचून तळवा हाताने शिवतात, टाके इतके दाट की तळवा चांगला कडक होतो. श्युश्वेइचं सिल्क मार्केट 2005 पासून मोठ्या इमारतीत आहे, तिथे नकली ब्रँडचा विषय बराच गाजला, कोर्टापर्यंत गेला.

पैसे बहुतेक ठिकाणी मोबाईलवर क्यूआर कोड स्कॅन करूनच देतात. आणि कायद्याचं एक: 1911 च्या आधीच्या पुरातन वस्तू चीनबाहेर नेता येत नाहीत, 1949 च्या आधीच्या असतील तर सरकारी तपासणी करून घ्यावी लागते, म्हणून जुनी म्हणून काही घेतलं तर पावती जपून ठेवा.