ओसीआय कार्ड आहे आणि भारताकडून खेळायचंय? पात्रता, अर्ज आणि कागदपत्रं

ओसीआय म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारी नोंदणी. तिची पुस्तिका हुबेहूब पासपोर्टसारखी दिसते. वर राजमुद्रा असते आणि आत आजीवन व्हिसा. त्यामुळे न्यू जर्सी किंवा मेलबर्नमधल्या अनेक मराठी घरांत असा समज असतो की मुलगी चांगली खेळायला लागली, तर वेळ आल्यावर भारताकडूनही उतरेल. तसं होत नाही. राष्ट्रीय संघात फक्त भारतीय नागरिकच खेळतील, असं केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने डिसेंबर २००८ मध्ये ठरवलं. त्याआधी टेनिसपटू प्रकाश अमृतराज अमेरिकी पासपोर्टवर भारताकडून डेव्हिस चषक खेळला होता. तो रस्ता तेव्हापासून बंद आहे. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोव्याच्या फुटबॉलपटूलाही हाच नियम लागू आहे.

मग उरतो एकच मार्ग, तो म्हणजे भारतीय नागरिकत्व. अर्ज १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ५ खाली होतो. अर्जदार सज्ञान हवा, ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाआधीचे सलग बारा महिने मुक्काम भारतात हवा. विशेष कारण असेल तर या बारा महिन्यांत जास्तीत जास्त तीस दिवसांची सूट सरकार देऊ शकतं. तुम्ही स्वतः किंवा आईवडिलांपैकी कुणी पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असाल, तर पाच वर्षांची अट नाही, बारा महिन्यांची मात्र आहेच. परदेशातल्या स्पर्धांसाठी सतत ये-जा करणाऱ्या खेळाडूला हे बारा महिनेच सगळ्यात जड जातात. वर्षाचं वेळापत्रक आखण्याआधी दिवस मोजा.

अर्ज गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. तो जिल्हाधिकारी कार्यालयातून चौकशी अहवालासह राज्याच्या गृह विभागाकडे आणि तिथून केंद्राकडे जातो. सोबत परदेशी पासपोर्ट, ओसीआय कार्ड, राहण्याचा पुरावा, शुल्काचं चलन आणि आईवडिलांमुळे अर्ज करत असाल तर त्यांच्या भारतीय नागरिकत्वाचा पुरावा लागतो. अर्ज मान्य झाल्याचं पत्र आलं की मगच परदेशी नागरिकत्व सोडायचं आणि त्याचा दाखला सादर करायचा. उत्साहाच्या भरात आधीच सोडलंत, तर हातात कोणत्याच देशाचं नागरिकत्व उरणार नाही.

आपल्या लोकांचं घोडं बहुतेक वेळा नावात अडतं. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. परदेशी पासपोर्टवर मधलं नाव गायब. आईच्या जुन्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव. प्रत्येक फरकासाठी प्रतिज्ञापत्र किंवा लग्नाचा दाखला लागू शकतो. सगळे कागद एकदा टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि स्पेलिंग अक्षर अन् अक्षर ताडून बघा. ही एक संध्याकाळ पुढचे महिने वाचवते.

लहान मुलांच्या पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पालक अजून भारतीय नागरिक असतील, तर परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करता येते. मात्र बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. म्हणजे खरा निर्णय मूल रांगायला लागण्याआधीच होतो.

नागरिकत्व मिळालं तरी काम संपत नाही. दुसरं दार खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं असतं. पर्थमध्ये जन्मलेला फुटबॉलपटू रायन विल्यम्स ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळला होता. ते नागरिकत्व सोडून त्याने भारतीय पासपोर्ट घेतला, तरी १८ नोव्हेंबर २०२५ ला ढाक्यात बांगलादेशविरुद्ध तो उतरू शकला नाही, कारण फिफाची मंजुरी सामन्यानंतर आली. फिफाकडे देशबदल एकदाच करता येतो, आणि आधीच्या वरिष्ठ संघाकडून तुम्ही काय आणि किती खेळलात यावर तो ठरतो. विश्वचषकाच्या मुख्य स्पर्धेत उतरला असाल, तर दार बंद. ऑलिंपिकमध्ये आधीच्या देशाकडून शेवटचं खेळल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं. संबंधित ऑलिंपिक समित्या आणि खेळाची संघटना राजी असतील तर ती मुदत कमी होऊ शकते. म्हणून दुसऱ्या देशाच्या संघाचं बोलावणं आलं की जर्सी घालण्याआधी सामना कोणत्या दर्जाचा आहे, हे लेखी विचारून घ्या. जपानी नागरिकत्व सोडून पुणे एफसीत खेळता खेळता २०१३ मध्ये भारताकडून उतरलेल्या अराता इझुमीसारखी उदाहरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, त्यामुळे तयार वाट सांगणारं कुणी सहसा भेटत नाही.

उलट दिशेने, म्हणजे भारतातून दुसऱ्या देशाच्या संघात जाणाऱ्यांना क्रिकेट सोपं पडतं. आयसीसीला पासपोर्टच हवा असं नाही. त्या देशातला जन्म किंवा सलग तीन वर्षांचं वास्तव्यही चालतं. २०१० च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आणि पुढे मुंबईकडून रणजी खेळलेला सौरभ नेत्रावळकर अमेरिकेचा झाला, आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्धची सुपर ओव्हर त्यानेच टाकली. पण तिथलं नागरिकत्व घेतलंत, तर भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. तेव्हा भारतीय पासपोर्ट जमा करा आणि सरेंडर सर्टिफिकेट जपून ठेवा. ओसीआयच्या अर्जाला तेच लागतं.