चाहत्यांची वर्गणी आणि तिचा हिशेब

स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या चाहत्यांच्या संकेतस्थळासाठी पैसे मागावेत का, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. हौसेने चाललेल्या कामात पैसा शिरला की हौस संपते, असे काहींना मनापासून वाटते. सर्व्हरचे बिल हौसेने भरता येत नाही, हे बाकीच्यांचे उत्तर असते. दोन्ही भूमिका संगणकाच्या आधीपासूनच्या आहेत. त्यांचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. वर्गणी मागितली म्हणून झालेली मोठी भांडणे थोडी. सगळ्यांनी मिळून उभारलेली गोष्ट अखेर मालकीने कोणाची ठरली, यावरून झालेली पुष्कळ.

सुरुवात विज्ञानकथांच्या अमेरिकी चाहत्यांपासून करावी लागते. १९३० साली शिकागोतल्या वाचकांच्या एका मंडळाने ‘द कॉमेट’ नावाचे पत्रक काढले. चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेले ते पहिले नियतकालिक मानले जाते. ‘फॅनझीन’ हे नाव दहा वर्षांनी, १९४० मध्ये आले. ही पत्रके बहुधा घरीच स्टेन्सिल कापून, सायक्लोस्टाइल करून निघत. कागद, शाई आणि टपाल हा खर्च संपादकाच्या पदरमोडीतून होई. अंकावर किंमत छापलेली असली तरी तो मिळवण्याचे दुसरे मार्ग होते आणि त्यांना अधिक मान होता. अंक वाचून सविस्तर पत्र लिहा, लेख किंवा चित्र पाठवा, नाहीतर आपले पत्रक बदल्यात द्या. श्रमाला श्रमाने उत्तर देण्याची ही रीत इतकी रुजली की पैसे देऊन अंक घेणे हा त्यातला सगळ्यात कोरडा प्रकार समजला जाई. आजच्या विकीवर, म्हणजे वाचकांनीच लिहायच्या आणि सुधारायच्या संकेतस्थळावर, चार चुका दुरुस्त करणारा वाचक आणि शंभर रुपये पाठवणारा वाचक यांच्यात कोणाचा हक्क मोठा, हा प्रश्न तिथूनच चालत आलेला आहे.

पैसे गोळा करण्याची शिस्तही याच मंडळींनी लावली. १९५२ मध्ये बेलफास्टचा लोकप्रिय फॅनझीन-लेखक वॉल्ट विलिस याला शिकागोच्या संमेलनाला आणण्यासाठी अमेरिकी चाहत्यांनी वर्गणी काढली. प्रयोग जमला, आणि १९५३ मध्ये त्यातूनच ‘ट्रान्स-अटलांटिक फॅन फंड’ उभा राहिला. युरोप आणि उत्तर अमेरिका यांच्यातल्या एका चाहत्याला आलटून पालटून समुद्रापलीकडे पाठवायचे, हा त्याचा हेतू. तो आजही चालू आहे. त्याची घडण मला फार शहाणपणाची वाटते. मत द्यायचे तर थोडी वर्गणी द्यावी लागते, पण नुसती वर्गणी पुरत नाही. मतदार चाहत्यांच्या वर्तुळात वावरणारा असावा लागतो. जो निवडून येतो तो प्रवास करून मोकळा होत नाही. परत आल्यावर आपल्या बाजूच्या निधीचा कारभार त्याच्याच गळ्यात पडतो. पुढच्या उमेदवारासाठी पैसे जमवणे, जमाखर्च प्रसिद्ध करणे, प्रवासवर्णन लिहून त्याच्या विक्रीचे पैसे निधीत घालणे ही कामे त्याच्याकडून अपेक्षित असतात. ज्याने घेतले त्यानेच पुढे हिशेब द्यायचा, असा हा नियम आहे.

साठच्या दशकाच्या शेवटी ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या चाहत्यांनी पत्रके काढायला सुरुवात केली, तेव्हा प्रश्नाला दुसरे टोक फुटले. पात्रे दुसऱ्याची, जग दुसऱ्याचे, कथा आपली. अशा कथांचे अंक छपाई आणि टपालखर्च निघेल एवढ्याच किमतीला विकायचे, नफा घ्यायचा नाही, असा संकेत पडला. त्यात मूळ निर्मात्याविषयीचा आदर होता तशी भीतीही होती. अमेरिकी कॉपीराइट कायद्यात ‘न्याय्य वापर’ ठरवताना जे चार निकष लावतात, त्यांतला पहिलाच वापराचा हेतू पाहतो आणि तो व्यापारी आहे का हे विचारतो. त्यामुळे चाहत्यांच्या जगात ‘नफा’ हा शब्द आरोपासारखा वापरला जाऊ लागला. खर्च भरून काढणे आणि कमाई करणे यांतली रेघ तिथे ओढली गेली आणि अजून ती बरीचशी तिथेच आहे.

नव्वदच्या दशकात इंटरनेट आले आणि प्रकाशनाचा खर्च जवळपास शून्यावर आला, निदान तसे वाटले. खरे नुकसान याच काळात झाले, आणि ते पैसे देणाऱ्यांचे झाले नाही. चित्रपटांची माहिती देणारे आयएमडीबी १९९० मध्ये यूजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यावरच्या सिनेमावेड्यांच्या याद्यांमधून जन्मले. हजारो हौशी लोकांनी नावे, भूमिका, साले भरली. १९९६ मध्ये त्याची कंपनी झाली, १९९८ मध्ये ती ॲमेझॉनने विकत घेतली. सीडीवरच्या गाण्यांची यादी ओळखणाऱ्या सीडीडीबीचेही तसेच झाले. लोकांनी आपापल्या सीडींची माहिती टंकून पाठवली, पुढे तो साठा ग्रेसनोट या कंपनीच्या ताब्यात गेला आणि त्याच्या वापरावर परवान्याच्या अटी आल्या. संतापलेल्या लोकांनी मग फ्रीडीबी आणि म्युझिकब्रेन्झ हे खुले पर्याय उभे केले. आयएमडीबी आणि सीडीडीबी या दोन्ही ठिकाणी माहिती भरणाऱ्यांकडे कोणी वर्गणी मागितली नव्हती. त्यांच्याकडून श्रम घेतले, आणि त्या श्रमांचे पुढे काय होणार हे आधी कोणी सांगितले नाही.

नुसत्या शक्यतेनेही माणसे उठून जातात, हे २००२ मध्ये दिसले. विकिपीडिया तेव्हा एका खासगी कंपनीच्या सर्व्हरवर होता आणि तिथे कधीतरी जाहिराती येतील असा उल्लेख चर्चेत झाला. स्पॅनिश आवृत्तीचे बरेचसे संपादक सामान उचलून निघाले आणि त्यांनी ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ हा वेगळा ज्ञानकोश सुरू केला. २००३ मध्ये विकिमीडिया फाउंडेशन स्थापन झाले आणि विकिपीडिया देणग्यांवर चालू लागला. जाहिरात की देणगी, या प्रश्नाचे एक मोठे उत्तर तिथे मिळाले.

चाहत्यांच्या विकींना ते उत्तर सहज मिळाले नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचा वॉववीकी २००४ मध्ये सुरू झाला आणि २००७ मध्ये विकिया या जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीकडे गेला. २०१० मध्ये विकियाने पानांची मांडणी बदलली, ती संपादकांना पसंत पडली नाही आणि त्यांनी मजकुराची प्रत घेऊन वॉवपीडिया उभारला. खुल्या परवान्यामुळे मजकूर नेता आला. जुना पत्ता मात्र कंपनीकडेच राहिला. पुढे नव्या घराचा मालकही बदलला. २०१८ मध्ये ते घर खेळांच्या विकींच्या ज्या गेमपीडिया या स्थळावर होते तो गेमपीडियाच विकियाने, म्हणजे तोवर नाव बदलून फॅन्डम झालेल्या त्याच कंपनीने, विकत घेतला. २०२३ मध्ये ही मंडळी पुन्हा बाहेर पडली. एवढ्या वर्षांचे लेखन दोनदा पाठीवर घेऊन फिरणाऱ्या या माणसांविषयी मला अतोनात आदर वाटतो. होस्टिंगचा खर्च दुसऱ्याने उचलला की सोय होते, पण मग पानावर काय दिसावे हे खर्च उचलणारा ठरवतो.

२००७ हे वर्ष या इतिहासात सगळ्यात दाट आहे. फॅनलिब नावाची, भांडवलदारांच्या पैशावर उभी राहिलेली कंपनी चाहत्यांच्या कथा गोळा करायला उतरली. कमाई कंपनीची आणि कायद्याचा धोका लेखकाचा, अशा तिच्या अटी पाहून कथालेखिका खवळल्या. त्याच वर्षी मे महिन्यात लाइव्हजर्नल या ब्लॉगसेवेने शेकडो खाती अचानक बंद केली. त्यांत चाहत्यांचीही बरीच होती. आपले सर्व्हर आपल्या मालकीचे हवेत, ही मागणी त्यातून पुढे आली आणि ‘ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्स्फॉर्मेटिव्ह वर्क्स’ ही ना-नफा संस्था स्थापन झाली. तिचा कथासंग्रह, ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’, नोव्हेंबर २००९ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. तिथे जाहिराती नाहीत. दहा डॉलर किंवा अधिक देणाऱ्याला सभासद होऊन संचालक निवडता येतात, आणि संस्थेचे अंदाजपत्रक जाहीर होते. लेखकांनी मात्र तिथे स्वतःसाठी पैसे मागायचे नाहीत, देणगीचे दुवेही लावायचे नाहीत. हा नियम अनेकांना जाचक वाटतो. संस्था स्वतः वर्गणी मागते आणि लेखकाला मागू देत नाही, ही तक्रार ऐकली की क्षणभर पटते. पण संस्थेची कायदेशीर ढालच तिच्या अव्यापारी स्वरूपावर उभी आहे, आणि ती फुटली तर सगळेच उघड्यावर येतील. फॅनलिब २००८ मध्येच बंद पडले.

त्याच वर्षी ‘हॅरी पॉटर लेक्सिकन’चा निकाल लागला. २००० पासून हे संकेतस्थळ विनामूल्य चालू होते आणि खुद्द लेखिका जे. के. रोलिंग यांनी त्याची वाखाणणी केली होती. त्यातला मजकूर पुस्तकरूपाने विकायची घोषणा झाल्यावर ऑक्टोबर २००७ मध्ये खटला दाखल झाला. सप्टेंबर २००८ मध्ये न्यायालयाने प्रकाशन रोखले आणि ६,७५० डॉलरची भरपाई ठरवली. असे संदर्भग्रंथ काढण्याचा हक्क मात्र न्यायालयाने तत्त्वतः मान्य केला; आक्षेप मूळ शब्द फार प्रमाणात उचलल्याचा होता. सुधारून लिहिलेली आवृत्ती २००९ मध्ये निघालीसुद्धा.

त्यानंतर लोकांकडून पैसे जमवून देणारी संकेतस्थळे आली, आधी किकस्टार्टर, मग २०१३ मध्ये पेट्रिऑन, आणि रकमा मोठ्या झाल्या. ‘स्टार ट्रेक’वर आधारित ‘ॲक्सनार’ या चाहत्यांच्या चित्रपटासाठी दहा लाख डॉलरहून अधिक जमले. डिसेंबर २०१५ मध्ये ‘स्टार ट्रेक’चे हक्क असलेल्या सीबीएस आणि पॅरामाउंट या कंपन्या न्यायालयात गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली. दरम्यान, जून २०१६ मध्ये कंपन्यांनी चाहत्यांच्या चित्रपटांसाठी नियम काढले: वर्गणी ५०,००० डॉलरच्या आत, आणि काम करणाऱ्या कोणालाही मोबदला नाही. मोबदल्याचा हा मुद्दा संकेतस्थळांनाही लागू होतो. वर्षानुवर्षे रात्री जागून सर्व्हर सांभाळणाऱ्याने स्वतःच्या वेळेचे काही घेतले तर मला त्यात पाप दिसत नाही. पण ‘सर्व्हरसाठी’ म्हणून मागायचे आणि त्यातून घरभाडे भरायचे, हा विश्वासघात आहे, मग रक्कम कितीही लहान असो. स्वतःसाठी काही घ्यायचे असेल तर ते देणाऱ्याला आधी सांगायला हवे, आणि देणाऱ्याच्याही आधी फुकट लिहिणाऱ्याला, कारण त्याच्या लेखनाच्या नावावर तो पैसा येतो.

सगळ्यात कमी बोलले जाते ते शेवटाविषयी. डोमेन बहुधा एकाच माणसाच्या नावावर असते, खात्याचा पासवर्डही त्याच्याकडेच असतो. तो दमला, आजारी पडला किंवा गेला की शिल्लक रक्कम आणि हजारो पाने दोन्ही अधांतरी राहतात. ऑर्गनायझेशन फॉर ट्रान्स्फॉर्मेटिव्ह वर्क्सचा ‘ओपन डोअर्स’ हा प्रकल्प अशी बुडायला आलेली कथासंग्रह-स्थळे देणग्यांच्या पैशातून आपल्याकडे हलवून घेतो. त्यात मूळ लेखकांना ई-मेल जातो, आणि आपली कथा स्वतःच्या खात्यात घ्यायची, नाव काढून ठेवायची की पुसून टाकायची, हे त्यांना ठरवता येते.